दस्ता पुन्हा पुन्हा चिकट आणि काळा पडतो? आधी तेल कुठून येतंय ते शोधा

बंदुकीचा अक्रोडाचा दस्ता घासून गुळगुळीत केला, जवसाचं तेल पाजलं, आणि तो बघतच राहावा असा दिसू लागला. मग दोन-तीन महिन्यांत लाकूड आणि धातू जिथे मिळतात त्याच्या मागे, मूठ बसते त्या मानेजवळ, काळपट डाग उमटतो. हात लावला तर चिकट लागतं. बंदूक थोडा वेळ उन्हात राहिली तर तिथे तेलाचे बारीक थेंब फुटतात. पुन्हा घासलं, पुन्हा तेल लावलं, की पुन्हा तेच.

या तक्रारीवर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘दुसरं पॉलिश वापरून बघा’. पण मानेजवळ डाग धरणाऱ्या दस्त्यात दोष वरच्या थराचा क्वचितच असतो. लाकडात मुरलेलं यंत्राचं तेल हे खरं कारण असतं. ते बाहेर काढल्याशिवाय वर कितीही महागडं पॉलिश चढवलं तरी ते टिकत नाही.

हात घालण्याआधी बंदूक रिकामी आहे याची डोळ्यांनी आणि बोटाने, दोन्ही प्रकारे खात्री करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा आणि दस्ता धातूपासून पूर्ण वेगळा करा. स्क्रूच्या खाचेत नीट बसेल असाच पेचकस घ्या, कारण ढिल्या पेचकसाने खाच एकदा फाटली की ते दुखणं दस्त्याच्या डागापेक्षा जास्त डोळ्यांत भरतं.

चिकटपणा कुठे आहे?

दस्ता सगळीकडे सारखाच चिकट असेल तर कारण वेगळं, आणि फक्त धातूलगत असेल तर वेगळं. दोन्हींचे उपाय एकमेकांना लागू पडत नाहीत, म्हणून ही तपासणी टाळू नका.

साधा पांढरा टिश्यू मानेजवळच्या काळपट भागावर धरा आणि केस वाळवायच्या ड्रायरने तो भाग बोट ठेवता येईल इतपत गरम करा. टिश्यूवर तेलकट, पिवळसर-तपकिरी ठसा पसरत गेला, तर तेल आतून येतंय. मग टिश्यू बदलून हीच चाचणी दस्त्याच्या मागच्या टोकाजवळ करा. तिथे टिश्यू कोरडा राहिला तर निदान पक्कं झालं.

जवस आणि तुंग ही वाळणारी तेलं आहेत. हवेतला प्राणवायू घेऊन त्यांचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि त्यांचा घट्ट पापुद्रा बनतो. यंत्राला घालतो ते खनिज तेल मात्र कधीच वाळत नाही. दहा वर्षांनीही ते लाकडात ओलंच राहतं. वाळणाऱ्या तेलात ते मिसळलं की त्यालाही नीट घट्ट होऊ देत नाही, आणि गरम झालं की पातळ होऊन छिद्रांतून वर येतं. दस्त्यावर फर्निचरचा सिलिकोनवाला स्प्रे मारलेला असेल तर वरचं पॉलिश माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे सोडून मागे सरकतं. तोही याच जातीचा त्रास आहे. दस्त्यावर खोबरेल किंवा ऑलिव्हचं तेल चोळणारेही भेटतात. तीही न वाळणारीच तेलं, त्यामुळे ती लावूच नयेत.

सगळीकडेच चिकट असेल तर

हे प्रकरण सोपं आहे. जवसाचा थर जाड बसला आहे आणि वरून साय धरली गेल्यामुळे खालचा भाग प्राणवायूविना अडकला आहे. कच्चं जवस तेल तर पातळ लावलं तरी वाळायला कित्येक दिवस, थंडीत किंवा दमट हवेत आठवडेही घेतं. बाजारात ‘बॉइल्ड’ म्हणून मिळणाऱ्या तेलात कोबाल्ट किंवा मँगनीजचे क्षार घातलेले असतात, म्हणून ते लवकर वाळतं. पण जाड थराला तेही पुरं पडत नाही.

टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या जाड सुती फडक्याने चिकट थर पुसून काढा. अर्धवट घट्ट झालेला भाग चार शून्यांच्या सगळ्यात बारीक स्टील वूलने, टर्पेंटाइन लावूनच, लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलके घासा. मग दस्ता हवेशीर, उबदार जागी टांगून ठेवा आणि हाताला अजिबात चिकट लागेनासा होईपर्यंत नवीन तेल लावू नका. ‘आठवडाभर रोज, महिनाभर आठवड्याला, वर्षभर महिन्याला आणि मग वर्षातून एकदा’ हा जुना नेम तेव्हाच खरा ठरतो, जेव्हा आदला हात वाळल्यावरच पुढचा लावला जातो. दिवस मोजून तेल लावत गेलं की हाच चिकटा जमतो.

आतून तेल येत असेल तर

खरं काम इथे आहे आणि त्याला सबूर लागते.

आधी जुनं पॉलिश कसलं आहे ते ओळखा. नजरेआडच्या जागी, उदाहरणार्थ बट प्लेटखाली (दस्त्याच्या मागच्या टोकावरच्या पट्टीखाली), स्पिरिटचा बोळा मिनिटभर टेकवा. थर मऊ होऊन बोळ्याला तांबूस रंग चढला तर ते चपड्याचं म्हणजे लाखेचं पॉलिश. रशियन मोसिन-नागांत रायफलींच्या दस्त्यांवर ते हमखास सापडतं. स्पिरिटने काही झालं नाही, पण लॅकर थिनरने थर सुरकुतला, तर तो लॅकर. दोन्हींना दाद न देणारा, काचेसारखा कडक थर बहुधा पॉलीयुरेथेनचा असतो आणि त्याला रंग काढायचं जेल लागतं. ली-एनफिल्डसारख्या जुन्या लष्करी रायफलींवर जवसाचं तेलच असतं. तिथे सोलून काढण्यासारखं फारसं काही नसतं, नुसता मळ आणि तेलाचं पुट असतं.

जेल वापरताना हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, आणि मऊ झालेला थर लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा. लोखंडी पातं नको. चेकरिंगच्या, म्हणजे पकडीसाठी कोरलेल्या, चौकड्यांत जेल साचतं, ते जुन्या दातांच्या ब्रशने रेषांच्या दिशेने काढायचं.

थर निघाला की तेल ओढायची पाळी. खडूची बारीक पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ॲसिटोनमध्ये कालवून साईइतकी दाट पेस्ट करा आणि काळपट भागावर नखभर जाडीचा लेप द्या. आतल्या खाचांतही द्या, कारण तेल शिरतं ते तिथूनच. ॲसिटोन लाकडात उतरून तेल पातळ करतं, आणि ते उडून जाताना तेल खडूत चढतं. वाळलेला लेप कडेने पिवळा, मध्ये चहासारखा तपकिरी झालेला दिसेल. तो कोरड्या ब्रशने झटका आणि नवा लेप द्या. लेप वाळूनही पांढरा राहीपर्यंत हे चालू ठेवायचं. जुन्या, वर्षानुवर्षं तेल प्यालेल्या दस्त्याला किती वेळा लागेल याचा अंदाज आधी बांधता येत नाही. पहिल्या दोन-तीन लेपांत फारसा फरक दिसला नाही म्हणून सोडून देऊ नका, बरेचदा त्यानंतरच खोलवरचं तेल वर यायला लागतं.

ॲसिटोन अगदी सहज पेट घेतं आणि त्याची वाफ जमिनीलगत दूरवर सरकते. त्यामुळे हे काम उघड्यावर करा. जवळ ज्योत, शेगडी, चालू मोटार, हीट गन यांपैकी काहीही नको. लेप पूर्ण वाळून वास गेल्यावर, आणि तो झटकून टाकल्यावरच, ड्रायरने लाकूड गरम करून उरलेलं तेल टिश्यूने टिपायचं. लेप आणि ऊब एकत्र कधीही नाही.

ज्यांना ॲसिटोन नको वाटतं त्यांच्यासाठी उन्हाचा रस्ता आहे. दस्ता कागदी नॅपकिनांत गुंडाळून काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, कडक उन्हात ठेवा, नॅपकिन भिजले की बदला. वेळ खूप लागतो, पण लाकडाला यातून अपाय फार कमी. जोड दिलेल्या, थरांच्या लाकडाचा दस्ता असेल, जसा जर्मन माउझर ९८के रायफलींवर बीच लाकडाचा असतो, तर उष्णता जपूनच द्या. जुन्या गोंदाचा भरवसा नसतो.

ओव्हन साफ करायचा फेस दस्त्यावर मारायची युक्ती फार पसरली आहे. कृपा करून तसं करू नका. त्यात कॉस्टिक असतं. ते तेलाबरोबर लाकडाचे रेषेही खातं, अक्रोड काळवंडतो, पृष्ठभाग भुसभुशीत होतो, आणि धुऊन राहिलेला अंश पुढे नव्या पॉलिशला आणि धातूलाही त्रास देतो. डिशवॉशरमध्ये दस्ता धुणं तर त्याहून वाईट. गरम पाण्याने लाकूड फुगतं, वाकतं, आणि ॲक्शन, म्हणजे गोळी झाडणारी धातूची यंत्रणा, ज्या मापात बसायची ते मापच बिघडतं.

तेलाने भुसभुशीत झालेल्या मानेवर बारीक तडे गेलेले असतील, तर तेल निघेपर्यंत त्यांना हात लावू नका. तेलकट लाकडाला इपॉक्सी धरतच नाही. लेप पांढरा राहू लागला की तडा किंचित उघडून पातळ इपॉक्सी आत ओघळू द्या आणि घट्ट बांधून ठेवा. मानेचा तडा आरपार गेला असेल तर तो दस्ता गोळी झाडायच्या बंदुकीवर बसवण्याआधी जाणत्या कारागिराला दाखवा. तिथे प्रश्न दिसण्याचा राहत नाही.

काळे डाग, दबलेल्या जागा

तेल निघाल्यावरही निळसर-काळे ठिपके राहिले तर ते बहुतेक लोखंडाचे असतात. लाकडातल्या टॅनिनची लोखंडाशी आणि पाण्याशी गाठ पडली की शाईसारखा रंग होतो. स्क्रूभोवती हे नेहमी दिसतं. ओल्या लाकडावर स्टील वूल फिरवलं तरी हेच होतं, म्हणून पाणी वापरायचं असेल तिथे स्टील वूल बाजूला ठेवा. या डागांवर ऑक्झॅलिक ॲसिडचं कोमट पाण्यातलं द्रावण चालतं. ते विषारी आहे. हातमोजे घाला, त्याची कोरडी भुकटी श्वासात जाऊ देऊ नका. डाग उतरला की दोन-तीनदा स्वच्छ ओल्या फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. तेलाच्या डागाला मात्र हे ॲसिड शिवतही नाही. काळपटपणा उतरला नाही तर समजा, आत अजून तेल आहे. पुन्हा खडूकडे.

दबलेले खळगे घासून काढायचे नसतात. खळग्यात रेषे तुटलेले नसतात, फक्त चेपलेले असतात. सुती फडकं भिजवून पिळा, त्याची दुहेरी घडी खळग्यावर ठेवा आणि गरम इस्त्रीचं टोक क्षणभर टेकवा. चर्र आवाज येतो, वाफ आत शिरते आणि लाकूड फुगून वर येतं. एकदा पुरलं नाही तर पुन्हा करा. फडकं कोरडं पडलं की इस्त्री लगेच उचला, नाहीतर लाकूड भाजून डाग पडतो. कापलेला चरा मात्र असा भरून येत नाही, कारण तिथे लाकूड मुळात उरलेलंच नसतं.

घासायचं किती?

लोकांना वाटतं त्याहून फार कमी. दस्ता बनवताना लाकूड धातूपेक्षा केसभर उंच ठेवलेलं असतं, ते जुन्या हातकामाची खूण आहे. मशीनने घासून ते धातूच्या खाली गेलं की ती बंदूक आयुष्यभर ‘घासलेली’ दिसते, कडा गोल होतात, चेकरिंग पुसलं जातं. धातूलगत काम करताना बट प्लेट आणि ट्रिगर गार्ड जागेवर बसवून, त्यावर टेप लावून मगच घासायचा कागद फिरवा. हाताने, सपाट ठोकळ्याला कागद गुंडाळून, रेषांच्या दिशेने.

जुन्या लष्करी रायफलीच्या दस्त्यावर तपासणीचे शिक्के, आकडे, मुकुटाच्या किंवा बाणाच्या खुणा असतील तर तिथे कागद लावूच नये. त्या खुणा हाच त्या वस्तूचा इतिहास आहे आणि संग्राहक किंमत त्याचीच देतात. टर्पेंटाइनने मळ पुसून पातळ जवस तेलाचा एक हात द्या आणि थांबा. डागांसकट तो दस्ता मला जास्त सुंदर वाटतो.

बाकी दस्त्यांना २२० नंबरचा कागद, मग ओल्या फडक्याने एकदा पुसून वाळवणं, मग ३२०. ओलावा लागला की बारीक रेषे उभे राहतात आणि हाताला मिशीसारखे टोचतात. ते बोथट कागदाने छाटायचे. ओलावा दिला आणि एकही रेषा उठली नाही, की दस्ता तयार.

रंग आणि तेल

अक्रोडाला फारसा रंग लावायची गरज नसते, पण फिकट लाकडाला ऊब द्यायची असेल तर रतनजोत वापरून बघा. तिची मुळं जवसाच्या तेलात काही दिवस भिजत ठेवली की तेल गडद लाल होतं, आणि अक्रोडावर तेच सोनेरी-तांबूस उतरतं. लंडनच्या जुन्या बंदूककारागिरांच्या लाल तेलात हीच मुळं असत. रतनजोतीचा रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो, म्हणून तो लाकडावर ओघळ न सोडता सारखा बसतो. बर्च आणि बीचवर पाण्यातले रंग ठिपक्याठिपक्यांनी चढतात. तिथे आधी पातळ लाखेचा अगदी हलका हात देऊन वर रंग लावला तर डाग कमी पडतात.

अक्रोडाची उघडी छिद्रं भरायची असतील तर तेलाचा हात ओला असतानाच ४०० नंबरचा, पुढच्या हाताला ६०० नंबरचा कागद फिरवा. लाकडाची पूड आणि तेल मिळून चिखल होतो आणि तो छिद्रांत बसतो. तो आडवा पुसायचा, म्हणजे रेषांना काटकोनात, नाहीतर फडकं छिद्रातलं सगळं उचलून नेतं. वाळू द्या, पुन्हा करा. कंदिलाच्या किंवा टॉर्चच्या तिरप्या उजेडात छिद्रं दिसेनाशी झाली की पुढचे हात नुसत्या तळव्याने द्यायचे. तीन-चार थेंब घेऊन तळवा गरम होईपर्यंत चोळायचं, आणि दस्ता ओला न दिसता नुसता उजळलेला दिसला तर ते प्रमाण बरोबर.

आता ती जागा, जी हटकून विसरली जाते. बट प्लेटखालचं लाकडाचं उघडं टोक, ॲक्शन बसते ती आतली खाच, स्क्रूची भोकं. रेषांची तोंडं इथे उघडी असतात आणि तेल, पाणी दोन्ही इथूनच आत जातं. बाहेरून आरसा केला आणि आत कोरं लाकूड ठेवलं, तर काढलेलं तेल वर्षभरात परत आत जाईल. आतल्या भागाला लाख किंवा पातळ केलेलं पॉलीयुरेथेन, दोन-तीन पातळ हात, प्रत्येक वाळल्यावर पुढचा. माप बिघडेल इतका जाड थर मात्र नको.

तेलाची फडकी कधीही गोळा करून टाकू नका. जवस वाळताना उष्णता सोडतं, आणि चुरगाळलेल्या फडक्यात ती कोंडली की कोणी काडी न लावता आग लागते. १९९१च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या उंच इमारतीला लागलेली आग अशाच जवसाच्या फडक्यांतून सुरू झाली आणि अग्निशमन दलाचे तीन जवान त्यात गेले. फडकी उघड्यावर एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

डाग परत येऊ नये म्हणून

बंदूक उभी, नळी वर करून ठेवली की नळीत आणि ॲक्शनमध्ये घातलेलं तेल सावकाश खाली उतरतं आणि थेट दस्त्याच्या मानेत जातं. तो काळपट डाग नेहमी त्याच जागी का, याचं उत्तर हेच. साफसफाईनंतर निदान एक रात्र बंदूक नळीचं तोंड खाली करून, खाली जाड मऊ फडकं देऊन ठेवा. मग जास्तीचं तेल पुसा आणि मगच कपाटात ठेवा. ॲक्शनला तेलाचा थेंब पुरतो, धार नको. काम केल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात टिश्यू आणि ड्रायरची चाचणी एकदा करून बघा. ठसा कोरडा आला तर तेल खरोखर निघालंय.

एक प्रकार या सगळ्याबाहेरचा आहे. दस्ता तेलकट नाही, तरी लाकडाला टेकणारा धातू, विशेषतः बट प्लेट आणि तिचे स्क्रू, पुसूनही पुन्हा पुन्हा गंजत असतील, तर लाकडात मीठ आहे का ते बघा. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९७०च्या सुरुवातीला काही दस्त्यांचं अक्रोड लवकर वाळावं म्हणून मिठात ठेवलं गेलं होतं. बट प्लेट काढून आतलं लाकूड ताजं खरवडा आणि त्यावर सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचा थेंब टाका. कातडीला लागला तर काळा डाग पडतो, म्हणून हातमोजे घाला. थेंब दुधी पांढरा झाला तर मीठ आहे. असं मीठ लाकडाच्या गाभ्यापर्यंत मुरलेलं असतं. धुऊन, घासून किंवा पॉलिशचा थर देऊन ते बांधून ठेवता येत नाही. तिथे दस्ता बदलावाच लागतो.